कव्हर घातल्याशिवाय वही जात नाही

घणसोली गावात पुतळाकाकीच्या दुकानाचा एक कायदा होता आणि तो गावाला तोंडपाठ होता. खाकी कव्हर घातल्याशिवाय वही दुकानाबाहेर जात नाही. तुम्ही एक वही घ्या नाहीतर डझनभर घ्या, बाहेर रिक्षा थांबवून आलेले असा नाहीतर रिकामटेकडे असा, काकी वही आधी आपल्याकडे ओढणार, खाकी कागद उलगडणार, कात्री चालवणार, चारी कोपरे अंगठ्याने दाबून बसवणार आणि मगच ती तुमच्या हातात देणार. कव्हराचे वेगळे पैसे नाहीत आणि "नको" म्हणायची सोयही नाही. वहीवर नाचरा मोर असो की बर्फाचा डोंगर, काकीच्या दुकानातून तो खाकी अंगरखा घालूनच बाहेर पडायचा. पोरं तिला मागून 'हवालदारीण' म्हणायची. काकीच्या ते कानावर होतं, पण तिने ना पोरांना कधी हटकलं, ना कायदा बदलला.

जमुना मढवीसुद्धा लहानपणी तिला हवालदारीणच म्हणायची. आता जमुना बेचाळीसची होती, तिचं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात दोन गल्ल्यांच्या अंतरावर होतं, आणि मे महिन्याच्या एका रविवारी सकाळी ती हातात दोन याद्या घेऊन त्याच दुकानाच्या पायरीवर उभी होती. एक यादी ऑफिसची, दुसरी शाळेची. दोन्ही याद्यांच्या मधे तिची नोकरी अडकलेली होती.

झालं होतं असं. जमुनाचा नवरा देवजी तुर्भ्याच्या ज्या कंपनीत होता ती दोन वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून तो बदली ड्रायव्हर म्हणून बोलावतील तिथे टेम्पो चालवत होता, पण बोलावणं रोज येत नव्हतं. मुलगी प्रिया यंदा दहावीला. अशा वेळी पाच महिन्यांपूर्वी जमुनाला कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम मिळालं. हुद्दा 'ऑफिस असिस्टंट'. म्हणजे फायली लावणं, फोन घेणं, पाहुण्यांना चहा देणं आणि कपाटातलं सामान संपलं की आणणं. तात्पुरती नेमणूक होती, पण पगार पहिल्या तारखेला हातात पडत होता आणि त्यावर घर चाललं होतं.

आणि परवा नंदकिशोर शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण बोलणं ट्रकच्या टायरमधली हवा तपासल्यासारखं, सरळ आणि कोरडं.

"जमुनाताई, वर्षाच्या स्टेशनरीचे पैसे एवढेच," त्यांनी कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला. "आणि यंदा माझ्या आईच्या नावानं आपल्या ड्रायव्हरांच्या अन् हमालांच्या पोरांना शाळेचं सामान द्यायचंय. साठ पोरं. प्रत्येकाला पाच वह्या, पेनं, पेन्सिली, कंपास. ऑफिस आणि शाळा, दोन्ही यातच बसवा. बसलं तर एक जुलैपासून तुम्ही पक्क्या. नाही बसलं तर सगळी खरेदी एजन्सीला देतो. मग तुमचं काम काय उरेल ते तुम्हीच सांगा."

जमुना दोन दिवस वाशीची दुकानं पालथी घालत हिंडली, रात्री प्रियाच्या मोबाईलवर ऑनलाइनचे भाव पाहिले. कुठेही गेलं तरी नुसत्या ऑफिसच्या यादीतच पाऊण पैसे उडत होते. मग देवजी म्हणाला, "अगो, काखेत कळसा आनि गावाला वळसा. पुतळाकाकीला इचार ना."

आता ती समोर होती. पुतळाकाकीची पंच्याहत्तरी जवळ आली होती. दुकान तिच्या मुलाच्या, प्रीतमच्या, चार मजली इमारतीखाली होतं आणि वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. इथे मोबाईलचं दुकान टाकू म्हणून प्रीतम चार वर्षं तिच्या मागे लागला होता. काकी "टाक, मी मेल्यावर टाक," म्हणायची आणि पेनाच्या डब्यावरची धूळ पुसायची.

तिने दोन्ही याद्या डोळ्यांजवळ धरून वाचल्या, शेवटी लिहिलेला आकडा वाचला आणि चष्म्यावरून जमुनाकडे पाहिलं.

"बसंल," ती म्हणाली. "पन चित्रं बघून घ्यायचं नाय. बस हितं."

मग जे सुरू झालं ते पाहून जमुनाला वाटलं, ही बाई दुकानदार नसून परीक्षक आहे. तीन कंपन्यांच्या वह्या काढून काकीने प्रत्येकीच्या मागच्या पानावर शाईच्या पेनाने आपलं नाव लिहिलं आणि पान उलटून पाहिलं. दोन वह्यांत शाई पलीकडे फुटली होती, तिसरीत नाही. ती तिसरीच सगळ्यात साध्या चित्राची आणि स्वस्त होती. मग एकच पान चिमटीत धरून काकीने अख्खी वही उचलली. पान फाटलं नाही, शिलाई सुटली नाही. "पोरगं वही अशीच उचलतंय," ती म्हणाली. पेन्सिलींचं टोक तिने डोळ्यासमोर धरलं. शिसं लाकडाच्या बरोबर मध्यावर असेल ती पेन्सिल बाजूला, कडेला सरकलं असेल ती परत डब्यात, कारण ती टोक काढताना मोडत जाते आणि आठवड्यात संपते. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून उजेडासमोर धरल्या. मधून उजेड दिसला तर पट्टी वाकडी. खोडरबर तिने वाकवून पाहिले. जो तडकला तो नापास.

ऑफिसच्या यादीलाही तिने सोडलं नाही. रंगीत चिकट चिठ्ठ्यांचे दहा गठ्ठे पाहून तिने विचारलं, "ह्ये कशाला? तुमचे हापिसात एका बाजूने कोरे कागद टाकून देतान ना? त्येच काप, क्लिप लाव." दहा गठ्ठे यादीतून उडाले. पुठ्ठ्याच्या महागड्या फायली गेल्या, दोरीच्या साध्या फायली आल्या. जमुना बेरीज करत होती आणि आकडा खाली उतरताना पाहून तिच्या छातीवरचं ओझंही उतरत होतं.

शेवटी पेनं राहिली. साठ मुलांना पाचपाच म्हणजे तीनशे आणि ऑफिसला वर्षाची तीनशे. मुलांसाठी पैशात बसत होतं ते एक जाड, निळ्या टोपणाचं, जुन्या वळणाचं बॉलपेन. लिहायला जरा घट्ट. काकीला ते फारसं आवडलं नव्हतं, पण बजेट पाहता दुसरं नव्हतं. ऑफिससाठी मात्र जमुनाची नजर एका सडपातळ, काळ्या, जेलच्या पेनावर गेली. तिने कागदावर दोन ओळी लिहिल्या. पेन लोण्यासारखं चाललं. ऑफिसात आपलं नाव होईल, शेठ सही करताना विचारतील, हे पेन कोणी आणलं, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं.

"तुमचे हापिसात कशावर लिवतान?" काकीने विचारलं.

"कागदावर, काकी. अजून कशावर?" जमुना हसली.

काकीने पुन्हा तिच्याकडे पाहिलं, पण गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या वस्तूवर दोनदा बोलायचं नाही हाही त्या दुकानाचा एक कायदा होता. पेनं बांधली गेली.

सोमवारी ऑफिसात पेनं वाटली तेव्हा बुकिंग क्लार्क विलास खूश झाला. कोपरखैरण्याचा, पन्नाशीतला हा माणूस सहसा कशानेच खूश होत नसे. "मस्त आहे हो जमुनाताई, हाताला त्रासच नाही," म्हणत त्याने सकाळच्या सगळ्या बिल्ट्या त्याच पेनाने लिहिल्या. ट्रकमध्ये माल चढला की त्याची जी पावती फाडतात ती बिल्टी. बाकीचं सगळं कॉम्प्युटरवर गेलं असलं तरी या ऑफिसात बिल्टी अजून हातानेच लिहीत. एका वेळी चार प्रती निघायच्या आणि मधे तीन कार्बन असायचे. वरची माल पाठवणाऱ्याची, दुसरी घेणाऱ्याची, तिसरी ऑफिसची आणि सगळ्यात खालची ड्रायव्हरची.

अकरा वाजता जालन्याला निघालेला एक ट्रक यार्डाच्या फाटकावरून परत आला. ड्रायव्हरने खिडकीतून कागद आत टाकला. "इसमें तो कुछ लिखाच नहीं है, विलासभाई."

चौथी प्रत कोरी होती. तिसरीवर माशीच्या पायासारखं काहीतरी उमटलेलं. विलासने जोर लावून पुन्हा लिहून पाहिलं, तर पेनाचं टोक आत गेलं आणि शाईचा डाग पडला. जेलचं पेन कागदावरून घसरतं, दाबत नाही. आणि दाबल्याशिवाय कार्बन उमटत नाही. पाच महिने रोज बिल्ट्यांच्या फायली लावणाऱ्या जमुनाला हे दुकानात आठवायला नको होतं का? कशावर लिहिता, असं काकीने विचारलंही होतं. आणि आपण हसलो होतो. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. विलासने कुठूनसं आपलं जुनं पेन शोधून बिल्टी नव्याने लिहिली, पण सकाळचे दोन तास आणि तीन ट्रक खोळंबले ते खोळंबलेच.

"शेठ बाहेर आहेत ते बरंय," विलास म्हणाला. "पण तीनशे पेनांचं काय करणार आता?"

त्या संध्याकाळी बसमधून उतरून जमुना घरी न जाता थेट दुकानात गेली. शाळेच्या सामानाची अर्धी पाकिटं, वह्या सोडून, तिथेच बांधून ठेवलेली होती. पाकिटं फुटलेली पेनं परत घ्या असं काकीला म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने नुसतं काय घडलं ते सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिली.

काकीने "मी सांगत होते" म्हटलं नाही. तिने खणातून कार्बनचे जुने तुकडे शोधून काढले, चार कागदांच्या मधे घातले, मुलांच्या पाकिटातलं ते निळ्या टोपणाचं घट्ट पेन घेतलं आणि वर आपलं नाव लिहिलं. मग एकेक कागद उचलून जमुनासमोर ठेवला. चौथ्यावरही 'पुतळा' स्वच्छ उमटलं होतं.

"तुझी पेनं पोरांना दे. त्यांना कार्बन नाय आनि परीक्षेत बोटं पन दुखनार नायत. आनि पोरांची पेनं तू हापिसात ने. तीनशेला तीनशे. झालं."

इतका वेळ जी गोष्ट डोंगराएवढी वाटत होती ती गल्ल्यापलीकडच्या बाईने चार कागदांत सोडवली होती.

"वस्तू वाईट नसते गो," काकी कार्बनने काळी झालेली बोटं पदराला पुसत म्हणाली. "जागा चुकलेली असते."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. विलासने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पेनं बदललीत ना? मग बोलू नका काही. झाकली मूठ सव्वा लाखाची." सल्ला मनापासूनचा होता. पण फाटकावरून परत आलेल्या ड्रायव्हरचे दोन तास जमुनाच्या डोक्यातून जात नव्हते. ती केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

शेठनी बिल्टीचं पुस्तक मागवलं, निळ्या टोपणाच्या पेनाने लिहिलं, चौथी प्रत उलटून पाहिली.

"म्हणजे पोरांना भारी पेन आणि आम्हाला हे ठोकळं."

"ठोकळ्यानंच कार्बन उमटतो, शेठ."

शेठ हसले नाहीत, पण पुस्तक मिटून म्हणाले, "बरं. आता अजून एक. आठ पोरं वाढलीत. वॉचमनची दोन, चहावाल्याची दोन, आणि त्या झाडूवाल्या भिमाबाईची नातवंडं चार. त्यांना नाही म्हटलं तर आईचं नाव घेऊन काय उपयोग? पैसे तेवढेच आहेत. बसवा."

जमुना आपल्या खुर्चीवर येऊन हिशेब घेऊन बसली. पेनं प्रत्येकाला पाचऐवजी चार केली तर पुरत होती. चिकट चिठ्ठ्यांचे जे पैसे वाचले होते त्यात आठ कंपास येत होते. पेन्सिली आणि रबर डब्यांतून उरणार होते. अडत होतं ते वह्यांवर. पाच विषयांच्या पाच वह्या शाळेने सांगितलेल्या, त्यात कमी करून चालणार नव्हतं. आठ मुलांच्या चाळीस वह्या. तेवढे पैसे कुठूनही निघत नव्हते.

फाईल लावायला म्हणून ती मागच्या खोलीत गेली आणि तिथल्या कपाटासमोर थबकली. जुन्या रजिस्टरांची चळत छतापर्यंत गेली होती. दर एप्रिलला ऑफिस नवं रजिस्टर उघडायचं आणि जुनं इथे येऊन पडायचं. तिने एक काढून चाळलं. अर्ध्याच्या पुढे सगळी पानं कोरी होती. दुसरं काढलं, तेही तसंच. पांढरा, जाड, आखीव कागद, एकही शाईचा थेंब न लागलेला. जमुना तिथेच जमिनीवर बसली, कारण तिला एकदम कुठल्या तरी जुन्या जून महिन्याचा वास आला. खळीचा आणि खाकी कागदाचा.

शेठना विचारून, लिहिलेली पानं ऑफिसातच ठेवून, तिने कोरी पानं सोडवून घेतली आणि दोन पिशव्या भरून दुकानात आणल्या.

"काकी, ही कोरी पानं शिवून याच्या जोडवह्या होतील?"

पुतळाकाकीने पान बोटांत धरून पाहिलं, शाईने आपलं नाव लिहून पाहिलं, उलटून पाहिलं. "होतीन. बेस कागद हाय." मग तिने बसायचा पाट आणला, मोठी सुई, मेणाचा दोरा, पातळ पुठ्ठा काढला. प्रीतमच्या ओळखीच्या प्रेसमधून पानं वहीच्या मापाने कापून आणली. दोन दिवस दुपारभर त्या दोघी बसल्या. काकी शिवायची, जमुना घड्या घालायची. चाळीस वह्या झाल्या. शिलाई कंपनीच्या वहीपेक्षा पक्की, पण पुठ्ठा साधा, राखाडी, आणि ओळी जरा रुंद. नव्या वह्यांच्या चकचकीत चळतीशेजारी त्या ठेवल्या तर आंधळ्यालाही कळलं असतं की ह्या वेगळ्या.

जमुनाने आठ पाकिटं वेगळी काढली आणि प्रत्येकात पाच जोडवह्या ठेवायला घेतल्या. काकीचा हात मधे आला.

"आठ पोरांना येगलं काढतेस?"

"मग?"

"चाळीस पोरांना एकेक. सगल्यात खाली ठेव." आणि काकीने फळीवरून खाकी कागदाचा आख्खा रोल खाली काढला. "आनि कव्हर सगल्यांना."

"सगळ्यांना? तीनशेचाळीस वह्यांना? काकी, ठोक मालाला तरी कायदा सोड ना, नव्या वह्यांना कशाला? त्यांच्यावर चित्रं आहेत की."

"तुला कामाला लावते म्हनून नाय सांगत," काकी कात्री शोधत म्हणाली. "निसत्या जोडवह्यांना घातलंस तर कलनारच की. सगल्यांना घातलंस तर कोनाला काय कलनार?"

जमुनाच्या हातातली वही हातातच राहिली.

तिचे वडील मिठागरावर कामाला होते आणि घरात पाच भावंडं होती. दर जूनला आई तिला घेऊन याच दुकानात यायची, आणि तिच्या वह्यांतल्या दोन-तीन वह्या अशा असायच्या की त्यात आधी रुंद ओळी, मग अरुंद ओळी, मधेच चौकटीचं एखादं पान. जमुनाला वाटायचं कंपनीच तशी वही काढते. तिने वर्गात ते अभिमानाने सांगितलंही होतं की माझ्या एका वहीत तीन प्रकारची पानं आहेत, तुमच्यात आहेत का? गावभरातून उरलेली कोरी पानं गोळा करून कोणीतरी ती शिवतंय हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि कोणी तिला कधी चिडवलं नाही, कारण सरपंचाच्या मुलीची वहीही खाकी, मास्तरांच्या मुलाचीही खाकी, तिचीही खाकी. सगळी पोरं ज्या कायद्यावरून पुतळाकाकीला हवालदारीण म्हणत होती तो कायदा गावातल्या चार-पाच पोरांसाठी होता. त्यात एक आपण होतो, आणि आपणच सगळ्यात मोठ्याने हवालदारीण म्हणत होतो. तीस-पस्तीस वर्षं ही बाई फुकट कागद खर्च करत आणि शिव्या खात बसली होती.

"काकी," ती म्हणाली, "माझ्या वह्या... मी लहान असताना. त्या तू शिवलेल्या असायच्या ना?"

पुतळाकाकीने कागदाला घडी घातली, तीवरून नख फिरवलं.

"कुठल्या वह्या? मना काय आठवत नाय."

"आय म्हणाली नाही कधी."

"मग नसतीन. तो कोपरा नीट दाब, उघडा राहिलाय."

जमुनाने कोपरा दाबला. डोळे भरून आले होते म्हणून तिला तो नीट दिसत नव्हता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, वरच्या मजल्यावर कोणाचातरी कुकर शिट्टी देत होता. ती पाटावरून उठली आणि त्या म्हातारीच्या पायांना हात लावला. काकी म्हणाली, "अगो, कागद तुडवशील," आणि तिच्या पाठीवर मेणाने चिकट झालेल्या बोटांनी थोपटलं.

वाटपाच्या दिवशी यार्डात ताडपत्री बांधून मांडव केला होता. शेठच्या आईच्या तसबिरीला हार घातला होता. नावाच्या चिठ्ठ्या लावलेली अडुसष्ट पाकिटं टेबलावर एका ओळीत होती. ड्रायव्हर, हमाल आपापल्या पोरांना तेल लावून, भांग पाडून घेऊन आले होते. भिमाबाई चार नातवंडांना घेऊन सगळ्यात मागे उभी होती. जमुनाने त्यांना पुढच्या रांगेत आणून बसवलं.

शेठनी एक पाकीट उघडून वह्या काढल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही काय कळा? चांगल्या चित्रांच्या वह्या घेतल्यात म्हणालात ना?"

"आत आहेत, शेठ. सगळ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून कव्हर घातलंय."

शेठनी सगळ्यात खालची वही उघडली. रुंद ओळी, जाड कागद. रजिस्टरांवर आयुष्य काढलेल्या माणसाला तो कागद ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, शिलाईवरून बोट फिरवलं.

"आपलीच रजिस्टरं," ते म्हणाले. "दर वर्षी अर्धी कोरी जातात, आणि तुम्ही मागेपर्यंत मला पत्ताच नव्हता." मग त्यांना उत्साह आला. खिशातून मोबाईल काढत ते म्हणाले, "हे तर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं पाहिजे. जमुनाताई, ज्या पोरांना या वह्या जाणार आहेत त्यांना जरा इकडे उभं करा. वह्या हातात धरून एक फोटो काढू. कोण कोण आहेत ती?"

पाकिटं जमुनाने स्वतः भरली होती. चिठ्ठ्यांवरची नावं तिनेच लिहिली होती. चाळीसच्या चाळीस नावं तिला पाठ होती आणि त्यातली अर्धी पोरं समोरच्या दोन रांगांत, पाकीट कधी हातात पडतंय याची वाट बघत बसली होती. एक जुलैला आठ दिवस होते. ती शेठकडे बघत होती आणि तिला देवजीचा न वाजणारा फोन आठवत होता, प्रियाची दहावी आठवत होती. आणि तरी उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही, कारण ते तिला शिकवलेलं होतं.

"आठवत नाही, शेठ."

"आठवत नाही? पाकिटं कोणी भरली?"

"मीच भरली. पण आठवत नाही."

बाजूला उभा असलेला विलास खाली बघायला लागला. शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या पोरांकडे पाहिलं. पोरांच्या मांडीवर अजून काही नव्हतं. थोड्या वेळाने प्रत्येकाच्या मांडीवर तीच खाकी चळत असणार होती. मग त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, उघडलेल्या वह्या पाकिटात परत घातल्या आणि जोडवही आपल्या हाताने सगळ्यात खाली सरकवली.

"आईलाही कोणाला काय दिलं ते असंच आठवायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि पहिलं नाव पुकारलं.

वाटप संपल्यावर ताडपत्री सोडताना त्यांनी विलासला हाक मारली. "जमुनाताईंचा कागद तयार करा. एक तारखेपासून पक्क्या. कुठल्या पेनानं लिहायचा ते त्यांनाच विचारा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जमुना पहाटे उठली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुका जवळा परतला आणि डबा घेऊन दुकानात गेली. आदल्या दिवशी घरी येताना बसमध्ये तिने काकीला काय काय सांगायचं ते मनात जुळवलं होतं. तू नसतीस तर माझी शाळा सुटली असती, आणि शाळा सुटली असती तर ही नोकरी कुठली. पण समोर गेल्यावर एवढंच बोलता आलं, "काकी, तुझे उपकार हायत माझ्यावर. आठवत नसले तरी हायत."

"पक्की झालीस?"

"झाली."

"बेस झालं." काकीने डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि फळीकडे हात केला. "प्रियाच्या वह्या काढून ठेवल्यात. दहावीच्या हायत, जाड बघून काढल्यात. घेऊन जा."

जमुनाने वह्या उचलल्या आणि पिशवीत घालायला गेली. काकीने खाकी रोल तिच्यापुढे सरकवला. जमुना हसली, पाट ओढून बसली आणि कात्री घेतली.